कवचाआडचा रंग

अंड्यांच्या धंद्यात नर पिल्लाला जागा नाही. ते अंडी देत नाही आणि ब्रॉयलरसारखं झपाट्यानं अंगही धरत नाही. म्हणून जगभरात दरवर्षी अब्जावधी नर पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जातात. त्याआधी कुणाला तरी नर-मादी ओळखावी लागते, आणि गेल्या शतकभर हे काम माणसाच्या बोटांनी केलं.

ही रीत जपानची. कियोशी मासुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२०च्या दशकात ती जगापुढे मांडली. एक दिवसाचं पिल्लू मुठीत धरायचं, हलकं दाबून विष्ठा काढायची, मग गुदद्वार किंचित उलटून प्रखर दिव्याखाली पाहायचं. आत टाचणीच्या डोक्याएवढा गोल, फुगीर उंचवटा दिसला तर नर. अडचण अशी, की काही माद्यांतही उंचवटा असतो. तरी कसलेले हात तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतात आणि क्वचितच चुकतात. हे कसब शब्दांत सांगता येत नाही, असाच समज होता. १९८७ साली बिडरमन आणि शिफरार या मानसशास्त्रज्ञांनी एका मुरलेल्या जाणकाराकडून नेमकं काय बघायचं ते काढून घेतलं. तेवढ्या छोट्याशा सूचनेवर नवखी माणसं छायाचित्रांतली पिल्लं जाणकारांच्या बरोबरीनं ओळखू लागली.

मग कॅमेऱ्यालाही हेच शिकवता आलं असतं. जर्मनीतल्या फिसबेकच्या ‘एएटी’ कंपनीनं मात्र वेगळी वाट धरली. त्यांचं ‘चेगी’ यंत्र पिल्लू जन्मण्याची वाटच पाहत नाही. उबवणीच्या एकविसांपैकी तेराव्या दिवशी ते अंड्यातून प्रकाश सोडतं आणि कवच न फोडता आतल्या कोवळ्या पिसांचा रंग वाचतं. वेग तासाला २०,००० अंडी.

पण यंत्र रंग वाचू शकतं, ते पैदासकारांनी तो आधीच मांडून ठेवला म्हणून. सोनेरी कोंबडा आणि रुपेरी कोंबडी यांचा संकर केला की मुलगे आईचा रुपेरी रंग घेतात आणि मुली तपकिरी निघतात. तपकिरी अंडी देणाऱ्या जातींत हे चालतं. पांढऱ्या लेगहॉर्न वंशात नर-मादी दोघंही पांढरे, तिथे चेगी आंधळं ठरतं.

शिवाय दिवसाचा प्रश्न आहे. जर्मनीनं १ जानेवारी २०२२पासून नर पिल्लं मारण्यावर बंदी घातली. गर्भाला वेदना कधी कळू लागते, यावर तिथे वाद झाला. आधी सहाव्या दिवसानंतर गर्भ मारायला मनाई होणार होती, २०२३मध्ये कायदा बदलून ती मर्यादा बाराव्या दिवसापर्यंत नेली. एका दिवसाच्या फरकानं यंत्र बाद होऊ शकतं. म्युनिकच्या ‘ऑर्बेम’नं एमआरआय निवडला. तो रंगावर अवलंबून नाही, बाराव्या दिवशी काम भागवतो आणि पांढऱ्या वंशालाही चालतो.

महाराष्ट्रातल्या दुकानांत बहुतेक अंडी पांढरीच. त्यामुळे रंग वाचणारा स्वस्त मार्ग इथे बंद आहे. राहतात ते एमआरआयसारखे महागडे मार्ग, आणि त्यांचा भार अंड्याच्या दरावर पडू द्यायचा की नाही, हा निर्णय इथल्या हॅचरींना आणि ग्राहकांना मिळूनच घ्यावा लागेल. तो घेतला जावा, कारण जत्रेत गुलाबी-हिरवी रंगवून विकली जाणारी पिल्लं बहुतेक हीच नकोशी नर असतात.