व्यवस्थापन प्रवेश परीक्षा : आधी आराखडा, मग पुस्तके

एमबीएच्या प्रवेश परीक्षेची तयारी करायची असे ठरले, की बहुतेक विद्यार्थ्यांची पावले पुस्तकांच्या दुकानाकडे किंवा कोचिंग क्लासकडे वळतात. जाडजूड पुस्तकांचे संच घरात येतात, पहिली दोन-तीन प्रकरणे सोडवून होतात आणि परीक्षा तोंडावर येते तेव्हा उरलेली पाने कोरीच असतात. अभ्यास कमी पडला, असा निष्कर्ष मग काढला जातो. प्रत्यक्षात चुकलेला असतो तो क्रम. परीक्षा कशाची कसोटी पाहते आणि आपण नेमके कोठे कमी पडतो, हे कळल्याखेरीज अभ्याससाहित्याची निवड करता येत नाही.

दोन परीक्षा, दोन कसोट्या

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांसमोर प्रामुख्याने दोन परीक्षा असतात. आयआयएमसाठी 'कॅट' आणि राज्यातील संस्थांसाठी 'सीईटी'. २०२५ च्या कॅटमध्ये १२० मिनिटांत ६८ प्रश्न होते. म्हणजे प्रत्येक प्रश्नाला पावणेदोन मिनिटे. सीईटीत मात्र १५० मिनिटांत २०० प्रश्न. प्रत्येकी जेमतेम ४५ सेकंद. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडणे परवडत नाही. तेथे वेग आणि तोंडी हिशेब महत्त्वाचा.

कॅटमध्ये बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात आणि पर्यायी प्रश्न चुकल्यास एक गुण वजा होतो. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर सरासरी लाभ शून्य! एखादा पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज फायद्याचा ठरतो. ज्या प्रश्नांत उत्तर स्वतः टंकलिखित करायचे असते, त्यांना मात्र हा दंड नाही. तेव्हा कॅटमध्ये कोणता प्रश्न सोडून द्यायचा, हे ओळखणे हेही कौशल्यच आहे.

सुरुवात चाचणीने

म्हणूनच तयारीचा आरंभ जुन्या प्रश्नपत्रिकेने करावा. घड्याळ लावून, कोणतीही पूर्वतयारी न करता ती सोडवावी. गुण कमी पडले तरी खचून जाऊ नये. आपली बाजू कोठे लंगडी आहे, हे त्यातून कळते. कॅटच्या तिन्ही विभागांना प्रत्येकी ४० मिनिटे ठरलेली असतात आणि आयआयएम प्रत्येक विभागात किमान पर्सेंटाइलची अट घालतात. त्यामुळे गणिताच्या जोरावर इंग्रजी तारून नेता येत नाही.

साहित्य मोजकेच

गणिताचा पाया कच्चा असल्यास आठवी ते दहावीची शालेय पाठ्यपुस्तके हाच उत्तम आधार. त्यानंतर प्रत्येक विषयाला एकच सराव पुस्तक पुरेसे असते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजी उताऱ्यांची धास्ती वाटते. त्यांनी शब्दांच्या याद्या पाठ करण्यापेक्षा अर्थकारण, विज्ञान, इतिहास अशा निरनिराळ्या विषयांवरील एक इंग्रजी लेख रोज वाचावा आणि त्याचा आशय दोन वाक्यांत लिहून काढावा. तर्क आणि आकडेवारीच्या विभागात सर्व संच आधी नजरेखालून घालून सोपा संच निवडण्याचा सराव करावा.

चुकांची वही

सराव चाचणी सोडविण्यास दोन तास लागत असतील, तर तिच्या विश्लेषणास किमान तेवढाच वेळ द्यावा. चूक संकल्पनेची, घाईची की प्रश्न निवडण्याची, हे वहीत नोंदवावे. नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यांना वेळ मोजकाच मिळतो. पुढच्या आठवड्यात काय वाचायचे, हे त्यांना ही वहीच सांगते. क्लास लावायचा की नाही, याचा निर्णयही तिच्या आधारे घ्यावा. संकल्पनाच समजत नसतील, तर मार्गदर्शक हवा. चुका घाईच्या असतील, तर हजारो रुपयांच्या शुल्काने त्या सुधारत नाहीत. त्यांना सरावच लागतो.