एका वाणाचे रान

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे झाडे लावण्याची घाई सुरू होते. कन्हय्यालाल मुन्शी यांनी १९५० साली वनमहोत्सवाची प्रथा घातली, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा मंत्रिमहोदयांच्या हस्ते खड्ड्यात रोप सोडण्यासाठी राखून ठेवल्यासारखा झाला आहे. किती रोपे लावली हा आकडा दरवर्षी प्रसिद्ध होतो. त्यांतील किती जगली हा आकडा मागूनही सहसा हाती लागत नाही. त्या जुन्या तक्रारीत आज आम्ही शिरत नाही. आमचा प्रश्न साधा आहे आणि तो क्वचितच कोणी विचारतो: ही रोपे कोणत्या आईची आहेत?

हा प्रश्न सुचण्याचे कारण आमच्या माडांनी पुरविले. गेल्या काही वर्षांत आपल्या भाटांतून फिरताना माडाच्या झावळ्या काजळी फासल्यासारख्या काळ्या झालेल्या अनेकांनी पाहिल्या असतील. खालच्या केळीची पानेही काळवंडतात आणि चिकट होतात. ही करणी एका पांढऱ्या माशीची आहे. पानाच्या पाठीवर चक्राकार अंडी घालून ती रस शोषते, अंगातून गोडसर चिकटा टाकते आणि त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते. शास्त्रज्ञांनी २००४ साली तिचे प्रथम वर्णन केले ते मध्य अमेरिकेतील बेलीझ देशातील नमुन्यांवरून. भारतात ती २०१६ साली तामिळनाडूतील पोळ्ळाचीच्या माडांवर आढळली, आणि तेथून पश्चिम किनारा धरून वर यायला तिला फार काळ लागला नाही. रोपे, पाने आणि माणसे सर्वत्र फिरतात, त्यांच्याबरोबर तीही फिरते.

औषधे फवारू नका, त्याने माशीचे नैसर्गिक शत्रूच आधी मरतात, असा सल्ला तज्ज्ञांनी दिला आणि तो योग्यच होता. पण आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. एकाच भाटात, एकाच पाण्यावर वाढलेल्या माडांपैकी एक अगदी काळाठिक्कर पडतो आणि दहा पावलांवरचा दुसरा जेमतेम डागाळतो. दक्षिणेतील पाहण्यांत ठेंगण्या जातींवर या माशीचा भर अधिक दिसला. हे कोडे उलगडायचे तर माडाचे कुळ पाहावे लागते. उंच माडाच्या पोयीत नरफुले आधी उमलून जातात आणि मादीफुले मागाहून तयार होतात, त्यामुळे बहुधा शेजारच्या माडाचा पराग लागतो. सबब प्रत्येक बियाणे-नारळातून उगवणारा माड थोडा वेगळा निपजतो. ठेंगणा माड बहुशः आपल्याच परागावर फळतो, म्हणून त्याची संतती एकसारखी. आपला बाणावलीचा नारळ पहिल्या कुळातला. कोकण कृषी विद्यापीठाने १९८७ साली प्रसारित केलेली ‘प्रताप’ ही जात याच बाणावलीतून निवडलेली आहे, हे कोकणातील किती बागायतदारांना ठाऊक असेल, कोण जाणे!

झाडाच्या अंगी असणाऱ्या या जन्मजात शक्तीचा शास्त्रीय विचार अमेरिकेतील कॅन्सासचे कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ च्या आपल्या ग्रंथात सुव्यवस्थित मांडला. झाड किडीपासून तीन प्रकारे बचावते, असे त्यांचे म्हणणे. एक तर किडीला ते झाड आवडतच नाही. आवडले तरी त्यावर तिची पिल्ले नीट पोसत नाहीत. आणि पोसली तरी झाड ती झळ सोसून वाढत राहते. मांडणी झाली ती मुख्यतः शेतीतल्या पिकांसाठी. गव्हाची जात यंदा पडली तर पुढल्या वर्षी बदलता येते. झाडाचे तसे नाही. आज चुकीचे रोप लावले तर त्या चुकीशी वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षे संसार करावा लागतो.

निलगिरीचेच पाहा. गोव्यात आणि शेजारच्या कर्नाटकात वनखात्यांनी हे झाड लावले. ते पाणी किती पिते हा वाद मोठा आहे, पण तो आजचा विषय नव्हे. ‘म्हैसूर गम’ या नावाने ओळखली जाणारी निलगिरी बंगळूरजवळच्या नंदीदुर्गावरील थोड्याशा जुन्या झाडांपासून पसरली. ती झाडे टिपू सुलतानाच्या काळात, १७९० च्या सुमारास लावली गेली, असे सांगतात. म्हणजे मुळात बियाणेच मूठभर आईबापांचे. पुढे १९८९ पासून आंध्रातील, म्हणजे आजच्या तेलंगणातील, भद्राचलमच्या कागद कारखान्याने उत्तम झाडे निवडून त्यांच्या फांद्यांपासून रोपे करण्यास आरंभ केला. उत्पन्न वाढले, शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, यात शंका नाही. मात्र या पद्धतीने एका मातृवृक्षाची लाखो रोपे होतात आणि ती सर्व एकमेकांची हुबेहूब प्रतिकृती असतात.

अशा शिवारात २००१ साली एक पाहुणी आली. ऑस्ट्रेलियाच्या मूळची ही गांधीलमाशी जेमतेम सव्वा मिलिमीटर लांबीची. पश्चिम आशियात २००० साली तिचा उपद्रव ध्यानात आला आणि पुढच्याच वर्षी ती कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात सापडली. तिला रीतसर शास्त्रीय नाव मिळाले ते त्यानंतर, २००४ साली. तोवर ती कित्येक देशांत पोहोचलेली होती! ती निलगिरीच्या कोवळ्या पानाच्या मध्यशिरेत, देठात आणि शेंड्याच्या कोवळ्या काडीत अंडी घालते. झाडच अळीभोवती गाठ बांधते, तिला घर आणि अन्न दोन्ही पुरवते. शेंडे पिळवटतात, वाढ खुंटते. रोपवाटिकेतील रोपे आणि दोन-तीन वर्षांच्या आतील लागवड यांचे हाल सर्वांत अधिक. तिच्या मादीला पिल्ले होण्यासाठी नराची गरज बहुधा पडत नाही. एक मादी वाऱ्यावर येऊन बसली तरी वंश सुरू होतो.

आणि तरीही सारी निलगिरी मेली नाही. एका रांगेतील झाडे गाठींनी लडबडलेली आणि लगतच्या रांगेतील वेगळ्या वाणाची झाडे जवळजवळ स्वच्छ, असे दृश्य लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. काही वाणांवर माशी अंडी घालते, पण गाठ धरत नाही आणि अळी मरून जाते. सर्वांत जास्त लागवड झालेल्या दोन प्रजाती तिला सर्वांत प्रिय निघाल्या. लिंबाच्या वासाची निलगिरी मात्र तिने बहुशः टाळली. कोइम्बतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्षप्रजनन संस्थेने आणि कागद कारखान्यांनी मग टिकणारे वाण निवडण्यास घेतले. इस्रायलने ऑस्ट्रेलियातून या माशीचे परोपजीवी शत्रू आणून सोडले. उपाय सापडले, पण ते सापडले कारण कोठेतरी वेगळे वाण शिल्लक होते.

पण टिकणारा वाण सापडला म्हणून निश्चिंत व्हावे, तर तेही खरे नाही. जगभर एकच समजली गेलेली ही माशी निदान दोन भिन्न वंशांची आहे, असे संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. एका वंशापुढे उभे राहणारे झाड दुसऱ्यापुढेही उभे राहील याची हमी कोण देणार? जुना टिकाऊ वाण काढून नवा टिकाऊ वाण तितक्याच मैलोगणती क्षेत्रात लावणे म्हणजे तोच डाव पुन्हा मांडणे होय.

आमच्या पिढीला हे सारे अपरिचित वाटू नये, कारण सुबाभळीच्या बाबतीत हेच एकदा घडून गेले आहे. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या संस्थेने या झाडाचा प्रसार मोठ्या कळकळीने केला. चारा, सरपण, खत आणि सावली देणारे झाड म्हणून सत्तरच्या दशकात त्याचे नाव घरोघरी झाले. त्याची उंच वाढणारी जात हवाईमार्गे जगभर गेली. सुबाभूळ स्वतःच्याच परागावर बी धरते. म्हणून जे बी वाटले गेले ते बहुतांशी एकाच कुळाचे. मध्य अमेरिकेकडील एक बारीक, उड्या मारणारा रसशोषक कीटक १९८४ साली हवाईत पोहोचला, १९८५ मध्ये फिलिपिन्समध्ये, १९८६ मध्ये इंडोनेशियात आणि १९८८ साली भारतात. चार वर्षांत अर्धी पृथ्वी! जेथे जेथे सुबाभूळ होती तेथे तेथे कोवळे शेंडे करपले. थायलंडमधून एक निळसर ढालकिडा आणून सोडण्यात आला, त्याने पुष्कळ काम केले. कुळातील मूळचा दोष मात्र ढालकिड्याने जात नाही. हवाई विद्यापीठातील जेम्स ब्रूबेकर यांनी त्यावर उपाय शोधला तो सुबाभळीच्याच एका मेक्सिकन भावकीत. ती प्रजाती तोवर कोणी फारशी लावली नव्हती, कारण तिच्यात नाव घेण्याजोगा गुण दिसत नव्हता. परंतु किडीला तोंड देण्याची शक्ती तिच्या अंगी होती, आणि तिच्याशी संकर करून नवी संतती तयार झाली. मेक्सिकोच्या डोंगरांवरून तिचे बी आधीच गोळा करून ठेवलेले नसते तर हे घडले नसते.

आता घराकडे वळू. काजू हा आपल्याकडचा परकाच. पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेला. येथे गंमत उलटी आहे. झाड परके आणि त्याचा मोठा शत्रू, मोहोर व कोवळी पालवी करपवणारा ढेकण्या, मात्र देशी. ढेकण्याला पूर्णपणे दाद न देणारा काजू आजवर सापडलेला नाही. पण पुत्तूरच्या काजू संशोधन केंद्राने २००६ साली प्रसारित केलेला ‘भास्कर’ हा वाण मध्यम हंगामात मोहोरतो आणि ढेकण्याचा जोर बेताचा असेल तर त्याच्या तडाख्यातून निसटतो. हा वाण मुळात गोव्यातून गोळा केलेल्या एका झाडाचा आहे. बाळ्ळीच्या झाडापासून निवडलेला ‘गोवा-१’ही १९९९ साली एला येथील संशोधन केंद्रातून असाच आला. गोव्याच्या डोंगरउतारांवर काजूखालील क्षेत्र पन्नास हजार हेक्टरांहून अधिक आहे, आणि त्यातील जुनी झाडे बियांपासून उगवलेली, म्हणजे प्रत्येक झाड निराळे. कोणाचे बोंड पिवळे, कोणाचे तांबडे. कोणी डिसेंबरात मोहोरतो, कोणी फेब्रुवारीत. उत्पन्न थोडे, हे खरेच. म्हणून ही झाडे तोडून त्या जागी भरपूर बी देणाऱ्या एक-दोन वाणांची कलमे लावण्याकडे कल आहे, आणि बागायतदाराला त्याबद्दल दोष देता येणार नाही. त्याला पोट आहे.

दोष द्यायचा तर तो सरकारी रोपवाटिकांना द्यावा लागेल. अनुदानाची कलमे तेथूनच येतात. आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. प्रत्येक कलमाबरोबर वाणाचे नाव आणि मातृवृक्षाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि तिची नोंद खात्याच्या वहीतही असावी. एका डोंगरावर एकाच वाणाला अनुदान न देता तीन-चार वाण मिसळून लावण्याची अट घालावी. जुनी काजूची बाग तोडण्यास परवानगी देण्यापूर्वी कृषी अधिकाऱ्याने मोहोराच्या दिवसांत एकदा, आणि जमल्यास दोनदा, ती फिरून पाहावी. ढेकण्याने आजूबाजूची पालवी करपवली असताना जे झाड हिरवे राहिले त्यावर खूण करावी व त्याच्या डोळकाड्या एला येथे पाठवाव्यात. माडाच्या बाबतीतही तसेच. झावळ्या काळ्या होण्याच्या काळात न काळवंडलेला बाणावली माड कोणत्या भाटात आहे, हे पाडेल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. महिनोन्‌महिने तोच त्या माडांवर चढतो. त्याला विचारायला आजवर कोणी गेले असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

या आठवड्यात ठिकठिकाणी रोपे वाटली जातील. रांगेत उभे राहणाऱ्या वाचकांना आमची एवढीच विनंती आहे की रोप हाती घेताना त्याचे वाण विचारावे. उत्तर मिळाले नाही तर आम्हांस कळवावे. कोणत्या रोपवाटिकेत उत्तर मिळाले नाही ते आम्ही याच स्तंभात छापू.