माळ्यावरचा सिनेमा

मैत्रिणींनो, दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरून एखादा चपटा गोल डबा खाली आला आणि उघडून पाहता आत करंगळीच्या नखाएवढी रुंद, कडेला भोकं असलेली काळपट फीत गुंडाळलेली दिसली, तर कृपा करून तो डबा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नका. जागा अडते, मला ठाऊक आहे. पण आधी हा लेख वाचा, मग ठरवा.

आमच्या घरी हे वेड आणलं माझ्या चुलतसासऱ्यांनी. काकासाहेब बोटीवर इंजिनियर होते. १९६६ साली एडनहून येताना त्यांनी आठ मिलिमीटरचा छोटा कॅमेरा आणला, मागाहून प्रोजेक्टर आणला आणि पुढची दहा-बारा वर्षं सुट्टीवर आले की घरातल्या मुंजी, डोहाळजेवणं, कोकणातल्या घराची शाकारणी, जे समोर येईल ते टिपत राहिले. सासूबाई सांगतात, "आम्ही दळण निवडायला बसलो तरी भाऊजी कॅमेरा घेऊन हजर!" काकासाहेब गेले आणि हा सगळा संसार एका ट्रंकेत बंद झाला. पुढे वीस-बावीस वर्षं ती ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर. वरून पुण्याचा उन्हाळा, मग पावसाळ्याची ओल.

तीन वर्षांपूर्वी ट्रंक उतरवली तेव्हा झाकण उघडताच लोणच्याच्या बरणीसारखा आंबट दर्प आला. मी म्हटलं, असेल काहीतरी सांडलेलं. उत्साह इतका की त्याच संध्याकाळी भिंतीवर पांढरा पलंगपोस लावला, प्रोजेक्टर पुसला आणि सगळ्यांत वर होतं ते रीळ चढवलं. डब्यावर काकासाहेबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'शालूचं लग्न, १९७४'. शालू म्हणजे माझ्या वन्सं. त्या २००४ साली गेल्या.

पडद्यावर मांडव दिसला, सनईवाले दिसले, वन्सं बाहेर आल्या, मुंडावळ्या सावरत त्यांनी मान वर केली, आणि चित्र थबकलं. मधोमध एक तपकिरी डाग उठला, भाजत्या पापडासारखा फुगला, पसरला आणि पडदा पांढरा झाला. मी बटण बंद करीपर्यंत फीत आत चुरगळली होती, भोकं फाटली होती. एक वीतभर फिल्म गेली. वीतभर म्हणजे किती? तीन सेकंद. त्या तीन सेकंदांत त्या कॅमेऱ्याकडे बघून हसल्या होत्या, असं सासूबाई म्हणाल्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, हे जास्त लागलं.

माझ्या हातून काय झालं ते नंतर शिकले.

पहिली गोष्ट, फोटोची निगेटिव्ह असते तशी या घरगुती फिल्मची बहुधा नसते. कॅमेऱ्यात जी फीत फिरली तीच धुऊन, तिच्यावरच सरळ चित्र उमटवून परत यायची. म्हणजे जगात तिची प्रत एकच, तुमच्या हातात आहे ती. बिघडली की संपली.

दुसरी गोष्ट तो आंबट वास. ही फीत ॲसिटेटची असते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की ती विघटित होते आणि तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतं. आपल्या व्हिनेगरमध्ये असतं तेच. एकदा सुरू झालं की ते ॲसिडच पुढचं विघटन वाढवतं, शेजारच्या रिळांनाही लावतं. फीत आकसते, वाकडी होते, ठिसूळ बनते. आकसली की प्रोजेक्टरचे दाते भोकांत बरोबर बसत नाहीत, मग ती अडकते आणि दिव्यासमोर थांबली की जळते. हे मागे फिरवता येत नाही, फक्त लांबवता येतं. वास येणारी रिळं ताबडतोब वेगळी काढा, हवाबंद डब्यात कोंडू नका आणि घरातल्या सगळ्यांत थंड, कोरड्या जागी ठेवा. माळा नको, स्वयंपाकघर नको, न्हाणीघराच्या भिंतीला लागून असलेलं कपाट तर मुळीच नको. आमची रिळं आता मधल्या खोलीतल्या फडताळात, जमिनीपासून हातभर वर आहेत.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो, आपल्या हाताला ती सवयच असते! पण चित्र ज्या थरावर असतं तो जिलेटिनचा, आणि बुरशीनं पोखरलेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. बुरशीबरोबर चित्रही जाईल. कोरड्या मऊ कापडावर थांबा, बाकी जाणकाराकडे द्या. तुटलेली फीत साध्या सेलोटेपनं चिकटवू नका, त्याचा गोंद पाझरतो. फिल्म जोडायची वेगळी पट्टी मिळते.

आता हातातलं रीळ कोणतं हे ओळखायचं कसं? आठ मिलिमीटरचे दोन प्रकार आहेत. जुना प्रकार १९३२ सालचा. त्यात भोकं मोठी, दोन चित्रांच्या मधल्या रेघेवर येतात आणि स्पूलच्या मधलं छिद्र लहान असतं. १९६५ साली 'सुपर एट' आली. तिची भोकं बारीक, चित्राच्या मध्याशी, म्हणून चित्राला जागा जास्त मिळाली. स्पूलचं मधलं छिद्र चांगलं मोठं. एकाचं रीळ दुसऱ्याच्या प्रोजेक्टरवर चालवलं तर फीत फाटेल. काही प्रोजेक्टर दोन्ही घेतात, पण खटका कुठल्या बाजूला आहे ते आधी बघा. भोकं कडेला नसून मधोमध दिसली तर तुमच्या हाती फ्रान्सच्या पाथे कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची फिल्म आली आहे. ती १९२२ पासूनची. जपा हो!

पन्नास फुटांचं सुपर एटचं रीळ तीन मिनिटं वीस सेकंद चालतं. एवढ्यात काकासाहेबांना अख्खी मुंज बसवायची असे. म्हणून बघा, या चित्रांत उगाच काही नसतं. एकेक माणूस दोन-दोन सेकंद.

आणि दोन सेकंदांची किंमत कमी समजू नका. अमेरिकेत डॅलस शहरी २२ नोव्हेंबर १९६३ रोजी अध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचं सगळ्यांत महत्त्वाचं चित्रण अशाच आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर झालं. ते करणारे अब्राहम झाप्रुडर बायकांचे कपडे शिवण्याचा कारखाना चालवीत. सारी फिल्म अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नाही.

प्रोजेक्टर मिळाला की लगेच प्लग लावू नका. बाहेरून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं असू शकतं, आपल्या २३० वर लावलं की गेलं. आतले रबरी पट्टे जुने झाले की वितळून डिंकासारखे होतात, ते बदलावे लागतात. आधी फिल्म न घालता, दिवा न लावता फिरवा. पंख्याचा आवाज येतो का ऐका, कारण पंखा बंद असेल तर दिव्याची सगळी उष्णता फिल्मवर. नवा हॅलोजन दिवा बोटांनी धरू नका, कापडात धरून बसवा. फीत जिथून सरकते ती फट मऊ ब्रशनं साफ करा. तिथं बसलेला एक कण अख्ख्या रिळावर रेघ ओढतो. आणि पहिलं रीळ घरचं लावू नका, विकतचं लावा.

विकतची रिळं म्हणजे काय? टीव्ही, व्हिडिओ येण्याआधी परदेशांत सिनेमाचे तुकडे घरी बघण्यासाठी विकत मिळत. अमेरिकेच्या 'कॅसल फिल्म्स'नं १९३७ साली हिंडेनबर्ग हवाई जहाजाच्या आगीचं रीळ काढलं होतं, 'ब्लॅकहॉक'ची लॉरेल-हार्डीची रिळं नावाजलेली. काकासाहेबांच्या ट्रंकेत चॅप्लिन होता, दोन-तीन कार्टून होती. पुढे मलाही नाद लागला. रविवारी जुन्या बाजारात, मुंबईला गेले की चोरबाजारात मटन स्ट्रीटवर, पितळी दिव्यांच्या ढिगात डबे शोधते. घेताना वास घ्या, दोन हात फीत उलगडून उजेडाकडे धरा. विकतची रंगीत रिळं बहुतेक लाल पडलेली असतात. उलट कोडाक्रोमवर काढलेली घरगुती फिल्म अंधारात राहिली असेल तर पन्नास वर्षांनीही नारायण पेठ साडीचा काठ तसाच झळकतो. ते कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा २०१० च्या डिसेंबरअखेर थांबली, तेव्हा न धुतलेलं रीळ सापडलं तर आता त्याचे रंग मिळायचे नाहीत.

कधी कधी ढिगात कुणाचं तरी लग्न मिळतं. अनोळखी नवरी, अनोळखी पंगत. वजनावर विकलेलं. मी ते घेते, पण घरी लावताना मला अवघडल्यासारखं होतं.

पुण्यातच १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं. मोठे सिनेमे जपणं हे त्याचं काम, आपल्या घरची मुंज जपायची ती आपणच. अमेरिकेतल्या काही चित्रपट-अभिलेखपालांनी २००३ पासून 'होम मूव्ही डे' सुरू केला: लोक आपापली रिळं घेऊन येतात, जाणकार ती तपासून देतात आणि चांगली असतील तर तिथंच दाखवतात. असं आपल्याकडे गल्लोगल्ली व्हावं.

घरची रिळं आधी स्कॅन करून घ्या, मग हवी तर एकदा यंत्रावर लावा. भिंतीवर दाखवून मोबाईलनं टिपणारे पुष्कळ. त्यात चित्र लुकलुकतं. एकेक चौकट वेगळी टिपणाऱ्याकडेच द्या, आणि लेखी सांगा की रिळं जोडायची नाहीत, डबे फेकायचे नाहीत. मी सांगितलं नव्हतं. एका दुकानदारानं पाच रिळं एकत्र जोडून दिली, डबे टाकून दिले, त्यावर काकासाहेबांनी लिहिलेल्या तारखा गेल्या. आणि स्कॅन झालं म्हणून मूळ फीत फेकू नका, बरं का.

आता खेळाचं सांगते. आम्ही वर्षातून एकदा करतो. खिडक्यांना चादरी, पलंगपोसाला इस्त्री, चिवडा दुसऱ्या खोलीत, कारण तेलकट बोटं फिल्मला लागायला नकोत. आवाज फक्त यंत्राच्या टकटकीचा. या फिल्म मुक्या असतात आणि तेच बरं असतं, बघणारे बोलतात.

गेल्या खेळाला १९६७ चा भोंडला लावला, वास न येणारं, तपासलेलं रीळ. पाटावर हत्ती काढलेला, भोवती मुली फेर धरताहेत. त्यांत पंधरा वर्षांच्या वन्सं, परकर पोलक्यात, इतरांपेक्षा एक पाऊल मागे. सासूबाईंना आता ब्याण्णवावं. त्या खुर्चीत पुढे सरकल्या, पडद्यावरच्या ओठांकडे बघून गाणं ओळखलं आणि स्वतःशीच म्हणू लागल्या. चार मिनिटांनी फीत संपली, तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा लाव."

पुन्हा लावलं नाही, स्कॅन केलेलं लावलं, म्हणजे हवं तिथं थांबवता येतं. मी वही घेऊन बसले. त्या बोट दाखवीत गेल्या: ही कुसुम, ही देशपांड्यांची मधली, ही पुढे नागपूरला दिली. अकरा मुलींपैकी दहांची नावं मिळाली. दोन वेण्या, उजव्या पायात पैंजण नाही, अशी एक राहिली. सासूबाई खूप वेळ बघत होत्या.

"अकोल्याच्या ताईला माहीत असेल," शेवटी त्या म्हणाल्या. ताई म्हणजे यांची मावशी. त्यांना आता एकोणनव्वद पुरी झालीत. येत्या शनिवारच्या गाडीची तिकिटं काढली आहेत, लॅपटॉप बरोबर नेणार आहे.