‘अँ शियँ आंदालू’ : विप्रलंभाविना विरह

लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांचा ‘अँ शियँ आंदालू’ (‘आंदालुसी कुत्रा’) हा सुमारे १६ मिनिटांचा मूकपट १९२९ मध्ये पॅरिस येथे प्रथम दाखविला गेला. वस्तऱ्याने चिरला जाणारा डोळा हे त्याचे आरंभदृश्य इतके गाजले, की पुढील सर्व घटनांमागे एक प्रेमभंग आहे याकडे सहसा दुर्लक्ष होते. बुद्धीला पटेल असे स्पष्टीकरण देता येणारी प्रतिमा स्वीकारायची नाही, हा नियम संहिता लिहिताना दोघांनी स्वतःस घालून घेतला होता. मात्र तो प्रतिमांपुरता होता. एक स्त्री, तिचा प्रियकर आणि अखेरीस येणारा दुसरा पुरुष ही मांडणी कोणत्याही भावविवश नाटकात शोभावी इतकी परिचित आहे.

भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात करुण आणि विप्रलंभ यांतील भेद अपेक्षेच्या आधारे स्पष्ट केला आहे. करुण निरपेक्ष, तर विप्रलंभ सापेक्ष. विरहीला पुनर्मीलनाची आशा असते. आशेला मात्र काळाचा आधार लागतो, आणि या लघुपटाने नेमका तोच काढून घेतला आहे. ‘आठ वर्षांनंतर’, ‘पहाटे तीनच्या सुमारास’, ‘सोळा वर्षांपूर्वी’ अशा पाट्या पडद्यावर येतात. पात्रांचे वय, वेश वा खोली यांत त्यानुसार काहीही बदलत नाही. जिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’च उरत नाहीत, तिथे वाट तरी कशाची पाहावी?

मग उरते काय? शृंगारापासून हास्य आणि बीभत्सापासून भयानक उत्पन्न होतो, असे भरत त्याच अध्यायात सांगतो. प्रियकर स्त्रीकडे झेपावतो तो प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याच्या खांद्यावर दोर आहेत. दोरांना दोन भव्य पियानो, त्यांवर सडलेली गाढवे आणि मागे फरफटत येणारे दोन धर्मगुरू बांधलेले आहेत. कामातुराची ही ओढाताण हसू आणते, आणि गाढवांच्या डोळ्यांकडे दृष्टी जाताच ते हसू घशात अडकते. येथे हास्य आणि भय एकामागून एक येत नाहीत. ती एकाच दोराला बांधलेली आहेत. पहिल्या खेळात पडद्यामागे ग्रामोफोनवर वाग्नरच्या ‘त्रिस्तान’चे संगीत आणि टँगो आलटून पालटून वाजविण्यात आले, हेही लक्षणीय आहे. विरहाला भव्यता देणाऱ्या संगीताला नाचाच्या तबकडीने पुनःपुन्हा खाली आणावे, ही योजना बुन्युएलचीच होती.

वियोगाचा क्षण तर निव्वळ विनोदी आहे. प्रियकराचे तोंडच नाहीसे होते. स्त्री त्राग्याने स्वतःच्या ओठांना लाली लावते. तोच तिच्या काखेतील केस त्याच्या तोंडाच्या जागी उगवतात. ती त्याला जीभ दाखवून दार उघडते. दाराबाहेर थेट समुद्रकिनारा आहे आणि तिथे दुसरा पुरुष उभा आहे. तो तिला मनगटावरील घड्याळ दाखवतो. पाट्यांनी निरर्थक केलेला काळ येथे प्रथमच एखाद्याला जाणवतो, आणि तोही केवळ उशीर झाला म्हणून. पहिल्याची पेटी आणि वस्त्रे खडकाळ किनाऱ्यावर मोडून पडलेली असतात. ती दूर सारून दोघे पुढे जातात. याच वस्त्रांची तिने पूर्वी बिछान्यावर मृताच्या अंगावर असावीत तशी मांडणी करून त्याची वाट पाहिली होती. संपूर्ण लघुपटात विप्रलंभाच्या जवळ जाणारे तेवढे एकच दृश्य होते.

अखेरची पाटी ‘वसंत ऋतूत’ अशी आहे. वसंत हा शृंगाराचा प्रसिद्ध उद्दीपन विभाव. पाटीनंतर दिसते ते छातीपर्यंत वाळूत पुरलेले, निश्चल असे नवे जोडपे.