एका प्रोटॉनचं अंतर

आपल्या पेशी दिवसरात्र कार्बन डायऑक्साइड आणि आम्लं तयार करत असतात. तरीही निरोगी माणसाच्या धमन्यांतल्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या दरम्यानच राहतो. तो ६.८ च्या खाली उतरला तर जगणं कठीण होतं. हा तोल सांभाळणाऱ्यांत अग्रभागी असते आम्ल आणि आम्लारी यांची एक जोडी.

१९२३ साली कोपनहेगनचे योहान्स ब्रन्स्टेड आणि केंब्रिजचे थॉमस लाउरी यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एक साधी व्याख्या मांडली: प्रोटॉन देणारा पदार्थ आम्ल, स्वीकारणारा आम्लारी. यातून पुढची गोष्ट आपोआप निघते. आम्लानं प्रोटॉन दिला की मागे जे उरतं, ते तोच प्रोटॉन परत घेऊ शकतं. म्हणजे ते आम्लारी ठरतं. या दोघांना संयुग्मी जोडी म्हणतात. आम्ल जितकं तीव्र, तितका त्याचा जोडीदार आम्लारी दुबळा. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात जवळपास सगळे प्रोटॉन देऊन टाकतं, म्हणून उरलेला क्लोराइड ते परत घ्यायला जात नाही.

रक्तातली जोडी मात्र सौम्य आहे: कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट. आम्ल वाढलं की बायकार्बोनेट प्रोटॉन टिपतं आणि कार्बोनिक आम्ल बनतं. त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि हा वायू फुप्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात. उलट आम्ल कमी पडलं की कार्बोनिक आम्ल प्रोटॉन सोडतं. रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांचं प्रमाण साधारण २० ला १ असतं. ते टिकवण्यासाठी फुप्फुसं वायूचं प्रमाण सांभाळतात आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेटचं. म्हणूनच मूत्रपिंडं निकामी होऊ लागली की रक्तात आम्ल साचतं आणि डॉक्टर काही रुग्णांना सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्या देतात. अनियंत्रित मधुमेहात कीटोआम्लं वाढतात, बायकार्बोनेट खर्ची पडतं आणि रुग्णाचा श्वास खोल व जलद होतो. जादा आम्ल वायूच्या रूपात बाहेर टाकण्याची ती शरीराची धडपड असते.

विद्यार्थ्यांनी एक कसोटी लक्षात ठेवावी: संयुग्मी जोडीत फरक नेमका एकाच प्रोटॉनचा असतो. कार्बोनिक आम्ल आणि कार्बोनेट यांच्यात तो दोनाचा आहे, म्हणून ती संयुग्मी जोडी नव्हे. व्याख्या पाठ करण्याआधी प्रोटॉन मोजा. उत्तर तिथेच सापडेल.