अ‍ॅम्बेसेडरची इंग्रज भावंडे

दिल्लीच्या रस्त्यांवर कित्येक दशके टॅक्सी म्हणून राबलेली अ‍ॅम्बेसेडर आणि इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे तयार झालेली, घडीच्या छताची एम. जी. ए. ही क्रीडा-मोटार यांत बाह्यतः काडीचेही साम्य नाही. तथापि दोहोंच्या बॉनेटखाली एकाच घराण्यातील एंजिन आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 1489 घन सेंटिमीटरचे हे एंजिन 1955 सालापासून एम. जी. ए.मध्ये बसविले जाऊ लागले. अ‍ॅम्बेसेडरमध्ये ते पुढे अनेक वर्षे टिकून राहिले. 1962 साली आलेल्या एम. जी. बी.चे 1798 घन सेंटिमीटरचे एंजिन हे त्याच कुळातले. त्यामुळे अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेल्या दिल्लीच्या मिस्त्र्याला या विदेशी गाडीच्या झडपांतील अंतर जुळविताना अपरिचित असे काही वाटत नाही. काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग शोधणाऱ्यालाही या नात्याचा उपयोग होतो. मात्र सर्वच भाग परस्परांना चालतात, असे गृहीत धरू नये.

2014 साली अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन बंद झाले. ते काम जाणणारे मिस्त्री आता उतारवयात आहेत. साहजिकच मालकाने स्वतः पाना हाती घेणे अधिकाधिक आवश्यक होत चालले आहे. सुदैवाने ही यंत्ररचना उघडी व समजण्यास सोपी आहे. खरे कौशल्य लागते ते दोन एस. यू. कार्ब्युरेटर जुळविण्यास. दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढत आहेत की नाही, हे पाहण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे आळीपाळीने प्रत्येकाच्या तोंडाशी धरतात. दोहोंकडील फूत्कार सारखा येईपर्यंत स्क्रू किंचित किंचित फिरवावे लागतात. वैद्याने नाडी पाहावी, तसाच हा प्रकार आहे. वरच्या घुमटाकार भागातील तेल आटले असेल, तर वेग वाढविताना एंजिन अडखळते. अनेकदा दोष एवढाच असतो आणि उगाच सारे खोलले जाते.

इंग्लंडच्या थंड हवेसाठी घडविलेल्या या गाडीची दिल्लीच्या उन्हाळ्यात परीक्षाच होते. पारा 45 अंशांकडे झुकला की थांबलेल्या एंजिनच्या उष्णतेने कार्ब्युरेटरमधील पेट्रोलची वाफ होते आणि गाडी पुन्हा सुरू होण्यास नकार देते. अशा वेळी बॉनेट उघडून थोडा वेळ वाट पाहणे हेच शहाणपणाचे. रेडिएटरमधील साचलेला गाळ काढणे व हवेचा गाळक धुळीपासून स्वच्छ ठेवणे ही कामे उन्हाळ्यापूर्वीच उरकावीत. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबरी नळ्या ठिसूळ होतात. त्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसविणे अत्यावश्यक आहे, कारण गळकी नळी तापलेल्या एंजिनवर असते.

विजेच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. एम. जी. ए.मध्ये आणि 1967 पर्यंतच्या एम. जी. बी.मध्ये बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो. आजच्या गाड्यांच्या सवयीने ऋण ध्रुव जोडल्यास नुकसान होऊ शकते.

यापुढचा प्रश्न कायद्याचा आहे. पंधरा वर्षांहून जुनी पेट्रोल वाहने राजधानी परिसरात चालविण्यावरील बंदी 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली. 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खाजगी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून स्वतंत्र नोंदणी दिली. परंतु त्यांचा वापर प्रदर्शन, शोभायात्रा, दुरुस्ती अशा प्रयोजनांपुरता मर्यादित ठेवला. सांगाडा, कवच वा एंजिन यांत फेरफार झाला असल्यास हा दर्जा मिळत नाही. म्हणजे बिघडलेल्या एंजिनाच्या जागी अ‍ॅम्बेसेडरचे एंजिन बसविण्याची सोपी युक्ती आता महागात पडू शकते. मूळ एंजिनच दुरुस्त करण्याकडे मालकाने झुकावे, हे बरे.

एम. जी. बी.चे उत्पादन 1980 पर्यंत चालले. त्या वर्षी नोंदलेल्या गाडीला 2030 पूर्वी या दर्जाची आशा नाही. अशी गाडी उभीच राहणार असेल, तर ती घोड्यांवर उचलून टायरवरील भार काढावा, जुने पेट्रोल उपसून टाकावे, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे वंगणतेल सोडावे आणि महिन्यातून एकदा एंजिन हाताने फिरवावे. ब्रेकचे द्रव ओलावा शोषते, म्हणून तेही दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी एक मैलही चाललेली नसो.