दुष्काळातली आई

एप्रिल उजाडला की आम्हा शेतीखात्याच्या माणसांची धांदल वाढते. विहिरी तळाला गेलेल्या असतात, चाऱ्याची विचारणा सुरू होते. याच महिन्यात, ५ एप्रिल १९२२ रोजी, पंडिता रमाबाई केडगावी वारल्या. शाळेच्या पुस्तकात त्या समाजसुधारक म्हणून भेटतात. शेतकऱ्याने मात्र त्यांचे शेत आठवावे.

दुष्काळ बाईंनी स्वतः भोगला होता. विशीच्या आतच त्यांचे आई, वडील आणि थोरली बहीण दुष्काळात गेली. पुढे संस्कृतच्या ज्ञानामुळे १८७८ साली कलकत्त्यात त्यांना 'पंडिता' ही पदवी मिळाली. १८८० साली लग्न झाले, १८८२ साली वैधव्य आले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यावरून इकडे पुष्कळ गदारोळ झाला, पण बाईंची श्रद्धा ढळली नाही.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. अमेरिकेतल्या मंडळींनी दहा वर्षे मदत द्यायचे कबूल केले होते. पण दहा वर्षांनंतर काय? बाईंनी हा विचार आधीच केला. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली, विहीर खणली, फळझाडे लावली. बागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा साधा हिशेब.

१८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची साथ, एवढ्या मुली शहरात ठेवायला सरकारची मनाई. मग सगळ्या केडगावच्या शेतावर आल्या. हेच पुढे मुक्ती सदन झाले. १९०० साली गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेत आधी घेतले नसते, तर या लेकी गेल्या असत्या कुठे?

नुसते जेवू घालून बाई थांबल्या नाहीत. शेती, गाईगुरे, तेलघाणा, विणकाम, छापखाना, ज्या मुलीला जे जमेल ते काम तिला शिकवले. अंध मुलींनाही वाचायला आणि टोपल्या विणायला शिकवले. प्रार्थना आणि काम, दोन्ही रोजची. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर त्यांनी साध्या बाईला कळेल अशा मराठीत केले. ते तिथल्याच छापखान्यात मुलींनी जुळवले. १९२१ साली मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. भाषांतर हातावेगळे झाले आणि थोड्याच दिवसांत बाई गेल्या. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे.

बाईंचा धर्म ज्याचा त्याने पाहावा. त्यांचा हिशेब मात्र सर्वांच्या उपयोगाचा आहे. विहीर आणि झाड टंचाई यायच्या आधी लागते. टँकरची मागणी करताना ग्रामसेवक, सरपंचांनी पुढच्या सालाचाही आराखडा मांडावा. गावातल्या एकट्या बाईला धान्य तर द्याच, पण हाताला कामही द्या. आणि शेतकरी बंधूंनो, सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचे नाव लागले आहे का, तेवढे एकदा तलाठ्याकडे जाऊन बघा.